पुण्याचा गोंगाट आन् माझा वरचा सूर

पुण्याचे ते तिघं पहिल्यांदा माझ्या दारात उभे राहिले, तवा मी त्यांना पंखे दुरुस्त करणारे समजले. त्यात माझी काय चूक? खांद्यावर वायरींची वेटोळी, हातात पेट्या, एकाच्या खिशातून पेचकस भाईर आलेला. मी म्हणलं, "आतल्या खोलीतला पंखा बंद हाय. बूट भाईर काढा आन् या." तिघांनी एकमेकांकडं बगितलं. त्यातल्या लांब केसवाल्यानं खरंच बूट काढले, स्टुलावर चढला आन् पंखा चालू करून दिला. तवा कुठं त्यांच्यातली उंच पोरगी म्हणाली, "मावशी, आम्ही तुमचं गाणं ऐकायला आलोय."

"मग आधी काहून न्हाई सांगितलं?"

"तुम्ही बोलूच दिलं नाहीत," ती म्हणाली.

हे मातर खरं होतं. माझ्या तोंडावर असं बोलणारं माणूस मला आवडतं. मी चहा टाकला.

आमचं गाव औंढ्याहून हिंगोलीकडं जाणाऱ्या सडकेला लागून. गावात आमची गायन पार्टी हाय, आन् मी तिची मेन गायिका. पेटी, ढोलकी, बँजो, मागं कोरसला माझ्या दोन जावा. जयंती असो, कुणाच्या घराची वास्तू असो, कुणाच्या माघारी पुण्यानुमोदन असो, आमचं बोलावणं ठरलेलं. गाणी लिहायचे आमचे मालक. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, म्हणून मीबी त्यांना मास्तरच म्हणायचे. स्वतः कधी गायले न्हाईत. बाजूला बसून मान हलवायचे, आन् माझा शब्द चुकला की ती मान थांबायची. काही वर्षांमागं ते गेले. गाणी राहिली.

त्यातल्या एका गाण्यात एक जागा हाय. 'माय' हा शब्द घेऊन सूर असा वर चढवायचा की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. त्या एका जागेवर माझं सगळं नाव उभं होतं. पार कनेरगाव नाक्यापासून लोक ती जागा ऐकायला यायचे. माझा सूर वर गेला रे गेला की पोरं तोंडात बोटं घालून शिट्ट्या मारायची, टोप्या उडवायची, म्हातारेसुदिक उठून उभे राहायचे. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, तो फिरत फिरत पुण्याला गेला, आन् तो बगून हे तिघं आलते. त्यांच्या मोबाइलनं त्यांना आधी वारंगा फाट्याला नेऊन सोडलं. तिथं खिचडी खाऊन, चौकशा करत करत ते मागं आले.

आता खरी गंमत ऐका. ते ज्या सुरापायी एवढ्या लांब आले, तो सूर माझ्याजवळ राहिलाच नव्हता.

एका हिवाळ्यात घसा बसला, तो पुरता उठलाच न्हाई. खालचा आवाज आला, वरचा न्हाई. 'माय' म्हणून चढायला जावं तर मधातच सूर तुटायचा आन् नुसती हवा फुसकन् भाईर यायची, सायकलीच्या ट्यूबातून यावी तशी. नांदेडच्या डॉक्टरनं घशात नळी घालून बगितलं आन् म्हणला, "बाई, वरचं आता विसरा." मी त्याच्यावर अशी खवळले की त्यानं नळी गडबडीनं भाईर काढली.

घरी येऊन कुणालाच सांगितलं न्हाई. सांगून काय करता? पार्टीत बाईची जागा सुराची असती. सूर गेला की ती कोरसात बसती, आन् कोरसातून सरळ चुलीपुढं. मला चुलीपुढं बसायचं नव्हतं. माझा जीव त्या माइकात अडकलेला हाय, हे मी लाज न बाळगता सांगते. मागल्या जयंतीला मी ताप आल्याचं सोंग करून गोधडीत पडले. जावांनी एवढा काढा पाजला की खरंच पोट बिघडलं.

तर पुण्याच्या तिघांनाबी मी असंच फसवलं. "ती जागा मंचावरच निघती, घरात न्हाई," म्हणून टोलवलं. ह्यात अर्धं खरं होतं, कारण माझ्या सासूचा कायदाच होता, घरात गळा काढायचा न्हाई. "बोंबलायचं तिकडं विहारात जाऊन बोंबला," असं ती लग्नाच्या पहिल्या वर्षापासून म्हणून राहिली. तालीम कायम विहारामागच्या शेडात. सासू तिकडं कधी फिरकली न्हाई.

त्यांचं वाजवणं बगितलं तवा मी कपाळाला हात लावला. रॉक म्हणतात त्याला, आन् त्यातबी साधं न्हाई, प्रयोगाचं. केसाळ्या गिटार बाजंवर उताणी टाकायचा आन् त्याच पेचकसानं तिला खरडायचा. ड्रम वाजवायला ती उंच पोरगी. दिसायला काडी, पण हाणायला लागली की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. तिसरा चष्मेवाला, त्याच्याजवळ एक डबी. आपण एकदा बोललं की ती डबी तेच चारदा बोलून दाखवायची.

मी म्हणलं, "ही डबी कशाला आणली? असली एक माझ्या घरी हाय, ओसरीवर बसलेली असती."

"मला ऐकू येऊन राहिलं," सासू ओसरीवरून म्हणाली. तिचे कान लई तिखट.

ढोलकीवर माझा दीर असतो. त्यानं थोडा वेळ त्यांच्यासंगं वाजवून बगितलं आन् हात जोडले. "वयनी, ह्यांचा ताल कुठून सुरू होतो आन् कुठं मरतो, काहीच कळंना." पण दुसऱ्या दिशी तोच सगळ्यांच्या आधी शेडात जाऊन बसला. ड्रमवालीनं त्याच्याकडून ढोलकीची थाप शिकून घेतली, त्यानं तिच्या काड्या घेऊन पत्र्याच्या डब्यावर हाणून बगितलं. केसाळ्या माझ्या जावांसंगं शेंगा फोडत बसायचा. चष्मेवाल्यानं गिरणीचा, पिठाच्या चाळणीचा, सासूच्या अडकित्त्याचा, असे समदे आवाज भरून घेतले. सासू त्याला म्हणली, "बाबा, तुझी माय तुला खेळणं घेऊन देत नव्हती का?" वर्षभर त्यांचं येणं-जाणं सुरूच राहिलं, आन् ते यायचे न्हाईत त्या महिन्यात मला घर उगाच रिकामं वाटायचं.

मग एकदा त्यांनी मला पुण्याला नेलं. हॉल मोठा, लोक समदे उभे. मी म्हणलं, खुर्च्या न्हाई मिळाल्या का ह्यांना? तर तिकडं तसंच ऐकतात म्हणे. एका हातात माइक, एका हातात झांज घेऊन मी मधात उभी. तिघांनी जो गोंगाट सुरू केला, कानठळ्या बसल्या. आन् त्या गोंगाटात, सवयीनं म्हणा का मस्तीनं म्हणा, मी ते गाणं धरलं. ती जागा आली. मी 'माय' म्हणून वर चढायला गेले आन् फुसकन् हवा. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

पण मंडळी, कुणाला काही कळलंच न्हाई! ड्रमांनी अशी काही आग लावली त्या घडीला, की मी गायले काय, न् मी तिथं जांभई दिली असती काय, सारखंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई तर माझे हात धरून म्हणाली, "काय सूर लागला हो तुमचा!" मी म्हणलं, "तुमचा आशीर्वाद."

गावाकडं येताना सगळ्या रस्त्यानं मी मनातल्या मनात हसून राहिले. एवढा साधा इलाज आन् आपुन गोधडीत पडून काढा पीत होतो! ह्यांनाच जयंतीला गावात आणायचं. ह्यांच्या गोंगाटात माझा सूर हाय का न्हाई हे कुणाला उमगणार? शिट्ट्या मारणारी पोरं तोंडात बोटं घालून तयारच असतात, त्यांना नुसती जागा कळली की बास.

जयंती कमिटीतली पोरं तवा डीजेच्या मागं लागली होती. गायन पार्टी आता कोण ऐकतं, असं त्यांच्यात चाललेलं. मी कमिटीत गेले आन् म्हणलं, "डीजेपेक्षा मोठा आवाज आणते. वर जिते-जागते माणसं वाजवतील. पुण्याचे." अध्यक्ष खुर्चीतून उठूनच उभा राहिला. पाच मिनिटांत ठराव झाला. मला एवढं हसू आलं, की पदर तोंडाला लावून भाईर आले.

तिघं आठ दिस आधी येऊन राहिले. शेडात तालमी सुरू झाल्या, आन् तिथं मी त्यांना आमच्या पार्टीचा कायदा शिकवला. पुण्यात तो चालला न्हाई तर चालेल, गावात चालतो. कायदा असा, की मेन गायिकेचा हात कानावर गेला की समद्या वाजंत्र्यांनी तिथल्या तिथं थांबायचं. ढोलकी न्हाई, पेटी न्हाई, कोरस न्हाई. गायिका एकटी ओळ देते, आन् तिनं ओळ दिली की मग कोरसनं उचलायची. हे तिघं सुरुवातीला थांबायचेच न्हाईत. केसाळ्याचा पेचकस तर बंद करूनबी गुरगुरत राहायचा. मी लई तापले. म्हणलं, "माझा हात कानावर दिसला की मेल्यावानी गप व्हायचं. जो वाजवील त्याला जेवायला न्हाई." दुसऱ्या दिशी एकाला खरंच भाकर दिली न्हाई. कोणाला ते सांगत न्हाई, केसाळ्याला वाईट वाटंल. तिसऱ्या दिशी माझा हात नुसता डास मारायला वर गेला तरी तिघं चिडीचूप.

फक्त त्या एका गाण्यात मी हात वर करणार नव्हते. "ते गाणं सरळ वाजवत न्यायचं, थांबायचं न्हाई," असं मी दोनदा बजावून सांगितलं. दिराला आश्चर्य वाटलं. त्या जागी तर मी कायम हात कानावर नेत आले होते. "आता नवीन ष्टाइल हाय," मी म्हणलं.

त्या दिशी दुपारी मी भाकरी करून राहिले होते. ड्रमवाली येऊन चुलीजवळ बसली. उगाच पीठ चिवडलं आन् हळूच म्हणाली, "मावशी, वरचा सूर लागत नाही ना आता?"

माझ्या हातातली भाकर तव्यावर तिरकी पडली. "कोण म्हणलं तुला?"

"पुण्यात आमच्या कानात इअरफोन होते. बाहेर कितीही आवाज असला तरी तुमचा गळा आम्हाला स्वच्छ ऐकू येतो. तिथं तुमचा श्वास तुटला, म्हणून मी जोरात वाजवलं."

मी तिला काय काय बोलले! भोचक म्हणलं, उंटीण म्हणलं, तुला लग्न करून घरी बसता येत न्हाई का म्हणलं. मग मला रडू फुटलं. भाकर जळून राहिली होती, ती तिनं उलटली. चटका बसला तिला. मी तिच्या बोटाला तूप लावलं आन् म्हणलं, "कुणाला सांगू नको. जयंतीला माझी इज्जत तुझ्या हातात हाय."

"त्या जागी मी असं वाजवते, की औंढ्यापर्यंत ऐकू जाईल," ती म्हणाली. "पण मावशी, तुमचा खालचा आवाज मला जास्त आवडतो."

"खालच्या आवाजानं भाजीवालीला हाक मारतात," मी म्हणलं, आन् विषय बंद केला.

जयंतीची संध्याकाळ. विहारापुढचं पटांगण भरून सडकेपर्यंत माणूस. पुढल्या रांगेत गावातल्या म्हाताऱ्या, आन् त्यांच्या मधोमध खुर्चीवर पांढऱ्या लुगड्यात माझी सासू. तिला गाणं आवडत नव्हतं, पण मानाची खुर्ची सोडायची न्हाई म्हणून ती दरसाली यायची, आन् माझी ती जागा आली की दोन्ही कानांत बोटं घालून बसायची. समद्या गावासमोर. सून म्हणून मी ते तीस-पस्तीस वर्षं गिळत आले.

पुण्याचं वाजवणं सुरू झालं तसे आधी लोक बावचळले. मग पोरं नाचायला लागली. दिरानं ढोलकीवर अशी थाप लावली, की ड्रमवालीनं बसल्या जागी त्याला मुजरा केला. चष्मेवाल्यानं डबीतून सासूच्या अडकित्त्याचा आवाज सोडला, त्याच्यावर पटांगण हसून लोळलं. सासूबी हसली, मी पाह्यलं. माझ्या मनात लाडू फुटून राहिले होते. सगळं बराबर चाललं होतं.

मग मी ते गाणं धरलं. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. गोंगाट भरात आलेला, पोरांची बोटं तोंडात गेलेली. सासूची बोटं कानाकडं निघाली. मी छाती भरून श्वास घेतला.

आन् माझा हात कानावर गेला.

काय सांगू तुमाला! मी नेला न्हाई. एवढ्या वर्षांची सवय त्याला, तो आपुन होऊन गेला. पुण्यात दोन्ही हातांत सामान होतं, इथं ह्या शहाण्यांनी माइक दांडीवर लावून माझे हात मोकळे सोडले होते. हात गेला आन् तिघं मेल्यावानी गप झाले. पेचकस गप, डबी गप. ड्रमवालीच्या काड्या हवेत तशाच राहिल्या. तिनं माझ्याकडं असं बगितलं की मला तिची दया आली. तिला वाजवायचं होतं, पण हात कानावर दिसला की गप व्हायचं, हे मीच तिच्या अंगात भिनवलं होतं.

एवढं मोठं पटांगण आन् पानसुदिक हलंना. समदे वर बगत होते, सूर वरून येणार म्हणून. पळून जावं म्हणलं तर पायात वायरी. मनात म्हणलं, संपलं. आज सगळ्यांना कळणार, उद्या कोरसात, परवा चुलीपुढं.

वर जायची हिंमत झाली न्हाई. मी खालच्या आवाजातच ओळ म्हणली, जवळच्या माणसाला काही सांगावं तशी:

"माय गं, ज्या सडकेवर तू खडी फोडली,
त्याच सडकेनं मी शाळेत गेलो."

एकबी शिट्टी वाजली न्हाई. कोरसनं ओळ उचलायची तर माझ्या जावा तोंड उघडं टाकून बसलेल्या. त्या शांततेत पुढल्या रांगेतून आवाज आला.

"काय म्हणली? परत म्हण."

सासू. तिच्या कानात बोटं न्हवती. सूर आलाच न्हाई, तवा घालायची कशाला?

मी परत म्हणलं. खालीच.

सासू खुर्चीतून उठली. मंचाच्या कडंला येऊन उभी राहिली, आन् माझ्याकडं मान वर करून म्हणाली, "हे कुणी लिहिलं?"

माइक सुरूच होता. मी म्हणलं, "तुमच्या लेकानं, आत्या."

ही सडक झाली तवा सासू तिच्यावर खडी फोडायला होती. मास्तर तवा तिच्या कडेवर. हे मला ठाव होतं, समद्या गावाला ठाव होतं. पण लेकानं त्याचं गाणं केलं, हे तिला ठाव न्हवतं. मास्तरनं घरात त्याबद्दल कधी तोंड उघडलं न्हाई. आन् मंचावर मी 'माय' म्हणून वर चढले की शिट्ट्यांच्या पुरात पुढचे शब्द वाहून जायचे. माझं नाव झालं, त्यांची ओळ कुणाला ऐकूच गेली न्हाई. बाजूला बसलेल्या मास्तरची मान त्या जागी थांबायची, तवा मला वाटायचं, माझा सूर ऐकून भारावून गेलेत.

सासूनं मंचाची फळी धरली.

"आन् तू एवढी वर्षं वरडून वरडून ते बुडवलंस व्हय?" ती म्हणाली.

पटांगणात कुणी हसलं न्हाई.

"म्हण," सासू म्हणाली. "तशीच म्हण, आत्ता म्हणलीस तशी."

ड्रमवालीनं काड्या खाली ठेवल्या आन् नुसत्या हातानं, दिराकडून शिकलेली थाप हळू हळू धरली. सासूनं मला ती ओळ परत म्हणायला लावली, आन् मग आणखी एकदा. शेवटी मी रडत रडतच म्हणलं. सूर लागला का न्हाई, ते मला आजबी सांगता यायचं न्हाई.